सरांचे केसपेपर

सर गेल्यावर त्यांच्या दवाखान्याचं काय करायचं, हा प्रश्न तेरावा व्हायच्या आतच उभा राहिला. दवाखान्याला कुलूप लावता येतं, पण तिथं येणाऱ्या माणसांच्या गोळ्या थांबवता येत नाहीत. कोणाची फिट्सची गोळी संपत आलेली असते, कोणाची रक्त पातळ ठेवायची. कोणाला सरांनी 'आठ दिवसांनी या' म्हणून पाठवलेलं असतं आणि तो माणूस नवव्या दिवशी बंद दारासमोर उभा राहतो. हॉस्पिटलमध्ये एक डॉक्टर गेला तर दुसरा राउंड घेतो, रेकॉर्ड रूम असते, नर्स असतात. गल्लीतल्या दवाखान्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या कपाटात असतं. डोकं गेलं. कपाट आमच्या हाती आलं. ते उघडून, वाचून, त्यातलं ज्याचं त्याला देऊन दवाखाना नीट बंद करेपर्यंत काय काय करावं लागलं, ते लिहून ठेवतो आहे. आमच्या व्यवसायात हे कोणी शिकवत नाही आणि प्रत्येक गावात ही वेळ येतेच. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सर सांगलीच्या गावभागातले. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कृष्णेपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्यांत दवाखाना टाकला. पुढं शिकायला जावं असे गुण त्यांना होते, घरच्यांचा आग्रहही होता. पण त्यांना जे करायचं होतं ते शिकवणारा विभागच त्या काळी आपल्याकडच्या कॉलेजांत नव्हता. मेडिसिन होतं, सर्जरी होती, बालरोग होता. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना बघणाऱ्या डॉक्टरचं शास्त्र वेगळं असतं, असं कोणी म्हणत नव्हतं. सर ते शास्त्र स्वतःच शिकत गेले. मी नव्वदच्या दशकात पास होऊन आलो आणि ते सुट्टीवर गेले की त्यांच्या खुर्चीत बसायला लागलो. पुढं विश्रामबागेत माझा दवाखाना झाला, तरी रविवारी सकाळी त्यांच्याकडं जाणं सुटलं नाही. अडलेला पेशंट, न लागलेलं निदान, सगळं तिथं बोलायचं. सर ऐकून घ्यायचे आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारायचे, 'घरी कोण कोण असतं त्याच्या?'

किल्ली काकूंनी दिली. मुलगी बेंगळुरूला, ती डॉक्टर नाही. मधल्या काळात एका हॉस्पिटलनं काकूंकडं माणूस पाठवला होता. जागा भाड्यानं घेतो, सरांचं नाव तसंच ठेवतो, पेशंटची यादी आम्हाला द्या, असा प्रस्ताव होता आणि रक्कमही बरी होती. काकूंनी मला फोन करून सांगितलं, 'अरे, ती माणसं काय आपली आहेत का विकायला? त्यांना विचारून काय ते करा.' मग आम्ही तिघा फॅमिली डॉक्टरांनी ठरवलं की आलटून पालटून रोज संध्याकाळी दोन तास सरांच्या दवाखान्यात बसायचं. प्रत्येक पेशंटला पुढं कुठं जायचंय ते विचारायचं, त्याचे कागद त्याच्या हातात द्यायचे, आणि मगच दवाखाना बंद करायचा. सरांचे कंपाउंडरमामा सोबत होते. सरांचा मोबाइलही आम्ही बंद केला नाही. तो मामांच्या खिशात असायचा, आणि 'सर हायत का?' असा फोन आला की मामा शांतपणे सांगायचे, न थकता, प्रत्येकाला.

पहिलं काम सरांची लेटरहेड बाजूला काढायचं. दुसऱ्याच्या नावाच्या कागदावर औषध लिहिता येत नाही. लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावाच लागतो. काही जुन्या पेशंटना ते टोचलं. 'सरांच्याच कागदावर द्या की' असं एका आजींनी दोनदा म्हटलं. सर गेल्याचं मेडिकल कौन्सिलला कळवणं, जैव कचरा नेणाऱ्या गाडीचं खातं बंद करणं, ही कामं मुलीनं आणि मी वाटून घेतली. ती सरळ झाली.

औषधांचं कपाटही लवकर आवरलं. मुदत संपलेल्या गोळ्या आणि सॅम्पल पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. मागच्या फळीवर मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्यांची एक रांग होती, कागदाची पट्टी चिकटवलेली, डोसाच्या खुणेसाठी कात्रीनं खाचा मारलेल्या. मिक्श्चर देणं सरांनी कधीच बंद केलं होतं. बाटल्या मामांनी ठेवल्या होत्या, आणि त्यातली एक त्यांनी मला विचारून घरी नेली.

खरं काम केसपेपरचं होतं.

सरांकडं माणशी केसपेपर नव्हता, घराचं पाकीट होतं. खाकी, जाड, वर गल्लीचं नाव आणि आडनाव. आत प्रत्येकाचे कागद वेगवेगळे पिनेनं लावलेले, आणि सगळ्यांच्या वर एका कार्डावर त्या घराचा वंशवृक्ष. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर काट. मधुमेह असेल तर आकृती अर्धी भरलेली, रक्तदाब असेल तर खाली एक आडवी रेघ. अशी कार्डं शेकड्यांनी वाचल्यावर लक्षात आलं की सरांना रोग आधी घरात दिसायचा आणि मग माणसात. एका कार्डावर आजोबा, दोन काका आणि आत्या असे चार भरलेले आकार होते, आणि खाली तिशीतल्या नातवाच्या चौकोनापुढं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'वजन. दरवर्षी दिवाळीनंतर साखर.' नातू दरवर्षी दिवाळीनंतर आलेला होता. सात-आठ वर्षं साखर नॉर्मल, मग एका वर्षी काठावर. त्याच दिवशी सरांनी त्याच्या बायकोलाही बोलावून घेतलेलं, स्वयंपाक ती करते म्हणून. त्याला आजवर एकही गोळी लागलेली नाही.

रक्तदाबाचंही तसंच. खोकल्याला आलेला असो, पायात काटा मोडून आलेला असो की नुसता मुलाला घेऊन आलेला असो, तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कागदावर रक्तदाबाचा आकडा आहे. ही सवय सरांनी ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्याकडून घेतली होती. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या खेड्यात हार्ट यांनी कित्येक वर्षं प्रॅक्टिस केली, आणि गावातल्या माणसांचा रक्तदाब तक्रारीची वाट न बघता मोजायला सुरुवात केली. १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक नियम मांडला: चांगल्या उपचारांची गरज जिथं जास्त, तिथंच ते मिळण्याची शक्यता कमी. सरांनी तो लेख कधीतरी मिरजेच्या लायब्ररीत वाचला होता. आम्हाला ते सांगायचे की खाणीच्या जागी आपलं मार्केट यार्ड घाला, बाकी काही बदलत नाही.

मार्केट यार्डातल्या हमालांची बरीच पाकिटं होती. हळदीचे दिवस सुरू झाले की धुरळ्यानं खोकला सगळ्यांनाच होतो, आणि त्या खोकल्यात क्षयाचा खोकला लपून जातो. सरांचा नियम पक्का होता. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला हळदीचा मानायचा नाही, बेडका तपासायचाच. एका हमालाच्या कागदावर तीन हंगामांत तीनदा 'बेडका: निगेटिव्ह' आहे आणि चौथ्या हंगामात पॉझिटिव्ह. तिथून पुढं सहा महिने दर सोमवारी सरांची सही. औषध सरकारी केंद्रातून मोफत मिळायचं, नोंद क्षयरुग्णांच्या 'निक्षय' या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर झालेली होती, सरांनी फक्त गोळ्या घेतल्या का एवढं बघायचं होतं. तेवढ्यासाठीही त्यांनी त्याला दर आठवड्याला बोलावलं. हा माणूस आम्हाला भेटायला आला तेव्हा म्हणाला, 'म्या एका सोमवारी आलो न्हाय, तर सर यार्डात आले हुडकत. गाडी भरायलो हुतो. समद्यांम्होरं काय बोलले न्हाईत. नुसतं पाठीवर हात ठेवला आन म्हनले, गोळी?'

सगळी पाकिटं वाचायला वेळ लागणार होता, म्हणून आम्ही आधी 'थांबता न येणारे' वेगळे काढले. फिट्सचे, मानसिक आजाराच्या औषधांवरचे, इन्सुलिनवरचे, क्षयाचे, हृदयाची झडप बदललेले. यासाठी सरांची लाल वही उपयोगी पडली. त्या वहीत एक पान होतं ज्यावर वर फक्त 'पेनिसिलिन' लिहिलं होतं आणि खाली तारखांचे रकाने. प्रत्येक दोन तारखांमध्ये एकवीस दिवस.

ही संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली मुलं. लहानपणी घसा दुखतो, नंतर सांधे सुजतात आणि बरे होतात, आणि कळत नकळत झडपेवर व्रण राहतो. घशाचा तो जंतुसंसर्ग परत परत झाला तर झडप दरवेळी आणखी बिघडते. ते टाळायला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी द्यावं लागतं, वर्षानुवर्षं. झडपेत दोष राहिला असेल तर निदान दहा वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, जे जास्त असेल ते. औषध जुनं, स्वस्त, परिणामकारक. तरी ते द्यायला खासगी डॉक्टर सहसा तयार नसतात, कारण पेनिसिलिनची रिॲक्शन क्वचित आली तरी जिवावरची असते. सर द्यायचे. ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज आधी मांडून ठेवायचे, इंजेक्शन झाल्यावर पेशंटला अर्धा तास बाकावर बसवायचे, आणि त्या अर्ध्या तासात स्वतः दवाखाना सोडून कुठंही जायचे नाहीत.

वहीच्या त्या पानावर एक मुलगी होती, चौथीत असताना सुरू झालेली. रकान्यांच्या बाजूला अधूनमधून बारीक अक्षरात टिपणं. 'सहामाही परीक्षा, रविवारी घेतलं.' 'पूर, घरी जाऊन.' 'बारावी पास.' 'लग्न ठरलं, मुलाला सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं.' तिची पुढची तारीख सर गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येत होती. मामांना तिचा नंबर तोंडपाठ होता. ती आली, नवऱ्याबरोबर. मी सरांसारखाच ट्रे मांडला. इंजेक्शन दिल्यावर ती आपणहून बाकावर जाऊन बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, 'सात वीस.' इतक्या वर्षांत घड्याळ बघण्याचं काम तिच्याकडंच होतं.

दुसरं एक पान मला आधी समजलंच नाही. वर लिहिलेलं 'उपास', खाली नावं, आणि नावांपुढं चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्र, रोजे. मामांनी सांगितलं, ही गोळ्यांवरच्या मधुमेहींची यादी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी खाल्ली आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही तर साखर धाडकन खाली येते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उपास सोडा म्हणून सांगणारे डॉक्टर पुष्कळ असतात. लोक मान डोलावतात आणि उपास करतात, वर डॉक्टरपासून लपवतात. सरांनी उपास कोणाला सोडायला लावला नाही, कधी असतो ते लिहून घेतलं. चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणाऱ्या आजोबांना सकाळची गोळी नाही, रात्री जेवताना. साबुदाण्याची खिचडी आणि रताळं खाणाऱ्या काकूंचा प्रश्न उलटा, त्यांची साखर उपासाला वाढायची, म्हणून त्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आणि गोळी नेहमीसारखी. रोजे धरणाऱ्यांना रमजान सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी बोलावून सकाळचा जास्तीचा डोस इफ्तारला आणि रात्रीचा कमी करून सहरीला. इन्सुलिनवरच्या एका चाचांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'या वर्षी नको म्हटलं. मौलवींशी बोललो, तेही समजावतील.'

झडप बदललेल्या एका मावशींच्या कागदावर तर 'श्रावण' असा शेरा होता. रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा परिणाम पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केनं कमी होतो. श्रावणात मावशींच्या जेवणात पालेभाज्या वाढायच्या, म्हणून त्या महिन्यात आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची, तपासणी एकदा जादा. हे ज्ञान कोणत्या गाइडलाइनमध्ये सापडेल? गाइडलाइन सांगते की पालेभाजी रोज साधारण सारखी असू द्या. मावशींच्या घरी श्रावण पाळतात हे सरांनाच माहीत होतं. या मावशी आता माझ्याकडं येतात. गेल्या श्रावणात मी ती जादा तपासणी केली, आकडा खाली आलेला होता, डोस बदलावा लागला.

पाकिटं ज्याची त्याला द्यायची हे ठरवणं सोपं होतं. पण घराचं पाकीट म्हणजे नेमकं कोणाचं? पेशंटनं मागितले तर त्याचे कागद बहात्तर तासांत द्यायला हवेत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत आहे. त्याचे, म्हणजे त्याच्या एकट्याचे. आमच्याकडं पाकीट न्यायला यायचा तो बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष. त्याच पाकिटात त्याच्या सुनेचे कागद असायचे, बहिणीचे, मोठ्या मुलाचे. सुनेनं लग्नाआधीचं काही सरांना सांगितलेलं असेल, मुलानं एचआयव्हीची तपासणी करून घेतली असेल, बहिणीच्या अंगावरचे वळ सरांनी तारखेसह नोंदवले असतील. यातलं काहीही दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानं ते स्पष्टच बांधून घातलं आहे.

इथं मामांनी आम्हाला वाट दाखवली. काही कागदांच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला छोटा त्रिकोण होता. त्रिकोण म्हणजे 'एकटं असताना बोलायचं'. मामा तो कागद सरांसमोर ठेवायचे आणि सोबतच्या माणसाला काहीतरी कारण काढून बाहेर बोलवायचे, वजनकाट्यापाशी, औषध समजावून सांगायला. किती वर्षं हे चाललं होतं आणि बाहेर बसलेल्या एकाला कधी संशय आला नाही! आम्ही प्रत्येक पाकीट फोडून माणशी वेगळं केलं. त्रिकोणाचे कागद चिकटपट्टीनं बंद केलेल्या लिफाफ्यात. प्रत्येक सज्ञान माणसाला त्याचे कागद त्याच्याच हातात, तो एकटा असताना. यावरून वाद झाले. एक गृहस्थ चांगलेच तापले, 'घर माझं, पैसे मी भरले, कागद मला द्या.' आम्ही दिले नाहीत. त्यांची सून पुढच्या आठवड्यात बाजाराची पिशवी घेऊन एकटी आली. लिफाफा घेतला, तिथंच बसून वाचला, आणि परत माझ्याकडं देऊन म्हणाली, 'हा तुमच्याकडंच राहू द्या डॉक्टर. घरी ठेवायला जागा नाही.'

खालच्या दोन फळ्यांवरची पाकिटं चिखलाच्या रंगाची होती, कडा कडक झालेल्या. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग पाण्याखाली होता. मामांनी वरची कपाटं माळ्यावर चढवली, खालची राहिली. पाणी ओसरल्यावर सर, काकू आणि मामांनी ते कागद गच्चीवर दोऱ्यांना लावून वाळवले. कुरडया घालाव्यात तसे पसरले होते, काकू सांगतात. बॉलपेनची अक्षरं टिकली, शिक्के सगळे वाहून गेले. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो त्याच आठवड्यातला एक वेगळा कागद. पाणी चढायला लागलं तेव्हा सरांनी आठवून आठवून लिहिलेली यादी: इन्सुलिनवर कोण, डायलिसिसवर कोण, नववा महिना कोणाला, अंथरुणाला खिळलेलं कोण, कितव्या मजल्यावर. ती यादी बोटीवाल्या पोरांकडं गेली होती. काही नावांवर टिक आहेत, आणि टिकेच्या बाजूला वेळ.

कोविडची वही वेगळी. सरांचं वय बघून आम्ही त्यांना दवाखान्यात बसू दिलं नव्हतं, तर त्यांनी घरून फोनवर चालवलं. आजाराचा दिवस कितवा, ताप किती, ऑक्सिजन बसल्या जागी किती, सहा मिनिटं चालून आल्यावर किती, आणि शेवटचा रकाना 'आवाज'. एप्रिल २०२१ च्या पानांवर या रकान्यात 'वाक्य तोडतोय', 'ठीक', 'बायकोनं फोन घेतला' असे शेरे आहेत. त्यांतल्या दोन 'वाक्य तोडतोय' वाल्यांना मीच बेड शोधून दिला होता. सरांनी मला फोन केला तेव्हा त्या दोघांचा ऑक्सिजन अजून ९४ होता. मी म्हटलं, सर, अजून वेळ आहे. ते म्हणाले, 'नाही. आत्ताच बघ.' दोघंही घरी परत आले.

असोसिएशनच्या शोकसभेत बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. सेवाभावी, देवमाणूस, ऋषितुल्य हे शब्द त्या संध्याकाळी बरेच आले आणि ते सगळे खरेच होते, पण त्यातून सर नेमकं काय करत होते ते तरुण डॉक्टरांना कळलं नसतं. म्हणून मी नावं झाकून काही कागदच वाचून दाखवले. उपासाची यादी वाचली. पेनिसिलिनचं पान वाचलं. शेवटी एक पत्र वाचलं, ते सांगावं की नाही याचा मी आधी बराच विचार केला होता. एका दिवाळीला एका मोठ्या डॉक्टरांकडून सरांना मिठाईबरोबर पाकीट आलं होतं. त्या वर्षी पाठवलेल्या पेशंटांबद्दलचं. सरांनी ते परत पाठवलं आणि पत्राची कार्बन प्रत ठेवली. पत्रात उपदेश नाही, राग नाही. 'पाकिटातली रक्कम खालील चार रुग्णांच्या बिलात कमी करावी' एवढंच, आणि खाली चार नावं. कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन, घेणं-देणं २००२ च्या नियमावलीनुसार गैरवर्तनच आहे. महाराष्ट्रात २०१७ साली त्याविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदाही झाला, पण कायदा काही झाला नाही. सभागृहात पत्र वाचल्यावर काही जणांनी माझ्याशी बोलणं टाळलं. काही तरुण मुलं-मुली मात्र मागं थांबली आणि त्यांनी वंशवृक्षाच्या कार्डाचे फोटो मागितले. मी कोरी आकृती काढून दिली. त्यातली एक मुलगी आता दत्तनगरात प्रॅक्टिस करते आणि तिनं प्रत्येक घराचं कार्ड सुरू केलं आहे, संगणकावर. सरांचा संगणकाला विरोध नव्हता, त्यांना फक्त पेशंटकडं पाठ करून टाइप करणं आवडायचं नाही. तिनं स्क्रीन टेबलाच्या बाजूला लावली आहे, दोघांना दिसेल अशी.

पेशंटना विचारताना एक गोष्ट परत परत झाली. 'पुढं कोणाकडं जाणार?' म्हटलं की माणसं गप्प बसायची, आणि मग सरांची एखादी गोष्ट सांगायला लागायची. आम्ही सुरुवातीला दोन तासांत जितक्यांना भेटायचं ठरवलं होतं त्याच्या निम्म्यांनाही भेटता यायचं नाही. मग ठरवलंच की घाई करायची नाही. ही माणसंही शोकात होती आणि त्यांना कोणी भेटायला गेलं नव्हतं. घरच्यांना लोक भेटायला येतात, पेशंटला कोण येणार? एक सेवानिवृत्त एसटी कंडक्टर सगळं ऐकून म्हणाले, 'मला काही होत नाही, मी नुसता रक्तदाब दाखवायला यायचो.' मी रक्तदाब घेतला. नॉर्मल होता. त्यांनी कागद घेतले, बाहेर बाकावर बराच वेळ बसले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या खेपेला आमच्या एका सहकाऱ्याचं नाव त्यांनी स्वतःच सांगितलं.

सगळ्यांना एकपानी सारांश लिहून दिला. आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, शेवटच्या तपासण्या, आणि तळाशी सरांचा जो काही शेरा असेल तो सरांच्याच शब्दांत. हे शेवटचं आमच्यातल्या एकाला अनावश्यक वाटत होतं, मला नाही. 'उत्तर द्यायला वेळ लागतो, थांबावं' हा शेरा पुढच्या डॉक्टरला लागणारच आहे. 'छातीत दुखतं म्हणतो तेव्हा मुलाचा फोन आलेला नसतो, तरी ईसीजी काढावाच' हाही.

दवाखाना दसऱ्याच्या आधी बंद केला. जागा काकूंनी एका नात्यातल्या मुलीला क्लाससाठी दिली आहे. मामा सकाळी माझ्याकडं येतात. पेनिसिलिनची वही आता माझ्या टेबलाच्या खणात असते आणि तारखा मामाच सांभाळतात. ती चौथीपासूनची मुलगी गरोदर आहे. हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांशी बोलून घेतलं आहे, इंजेक्शन गरोदरपणातही चालू ठेवायचं असतं आणि ते चालू आहे.

न नेलेली काही पाकिटं अजून उरली आहेत. गाव सोडून गेलेल्यांची, पुण्या-मुंबईला मुलांकडं राहायला गेलेल्यांची, पुरानंतर घर बदललेल्यांची. ती माझ्या दवाखान्यात कुलपाच्या कपाटात आहेत. गावभागात सरांकडं औषध घेतलेलं कोणी हे वाचत असेल तर गुरुवारी दुपारी यावं, ओळखपत्र घेऊन, आणि स्वतःचेच कागद न्यायला यावं. घरातल्या दुसऱ्या कोणाचे मागितले तर मिळणार नाहीत, त्यांना स्वतः पाठवा.